जड क्रूझर 'तोने'च्या मागावर : नागासाकी, कुरे, एताजिमा

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी आरमाराबद्दल वाचायला घेतलं की पहिलं नाव येतं यामातो या महाकाय युद्धनौकेचं. माझं मन मात्र कॉलेजपासून जड क्रूझरमध्ये अडकलेलं, आणि त्यातही 'तोने'मध्ये. चारही टरेट, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, पुढे आणि मागचा सगळा डेक विमानांसाठी मोकळा, अशी तिची आखणी. पर्ल हार्बर, हिंदी महासागर, मिडवे, फिलिपाईन्सजवळचं समार, सगळीकडे ती होती. मुंबईकडे निघालेल्या एका व्यापारी जहाजाचा शेवटही तिनेच केला, आणि त्यानंतर तिच्या डेकवर जे घडलं ते वाचल्यापासून ही नौका माझ्या डोक्यातून गेली नाही. ती जिथे बांधली गेली तिथून जिथे बुडाली तिथपर्यंत एकदा जायचं होतं. नोव्हेंबरच्या अखेरीस तो योग आला.

सोबत मामा होता. माझगाव डॉकमध्ये त्याने आयुष्यभर वेल्डिंग केलं. जपानी येत नाही, इंग्रजी बेताचं, पण जहाजाच्या पत्र्यावर हात ठेवला की त्याला बरंच काही कळतं.

दिवस पहिला : नागासाकी

उतरलो तेव्हा बारीक पाऊस लागला होता. नागासाकी डोंगरउतारावर वसलेलं आहे, खाली अरुंद लांबट बंदर. सामान हॉटेलवर टाकून ट्रामने थेट ग्लोव्हर गार्डन गाठलं. लोक तिथे जुने युरोपीय बंगले बघायला जातात. आम्ही बंगल्यांकडे पाठ करून कठड्याशी उभे राहिलो, कारण समोर पाण्यापलीकडे मित्सुबिशीचा कारखाना पसरलेला दिसतो. १९०९ साली स्कॉटलंडहून आणून उभी केलेली विजेवर चालणारी अजस्र क्रेन अजून तिथे आहे, आणि कामातही आहे. ती आता जागतिक वारशाच्या यादीत आहे. मामा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुझं जहाज बांधत होते तेव्हाही ही इथेच होती." होती. तोनेचा कणा इथे १ डिसेंबर १९३४ रोजी घातला गेला, २१ नोव्हेंबर १९३७ रोजी ती पाण्यात उतरली आणि २० नोव्हेंबर १९३८ रोजी नौदलात दाखल झाली. तिची जुळी बहीण 'चिकुमा'ही इथलीच.

छत्रीखाली उभं राहून मामाला सगळी आखणी सांगितली. १९३०च्या लंडन कराराने आठ इंची तोफांच्या क्रूझरवर मर्यादा आणली होती. म्हणून तोने कागदावर हलकी क्रूझर म्हणून सुरू झाली, १५५ मिलिमीटरच्या तोफांची. म्हणूनच तिला नदीचं नाव मिळालं. जड क्रूझरना डोंगरांची नावं देत, हलक्यांना नद्यांची. पुढे जपान करारातून बाहेर पडला आणि बांधकाम चालू असतानाच तिच्यावर २०३ मिलिमीटरच्या, म्हणजे आठ इंची, आठ तोफा चढवायचं ठरलं, दोन-दोनच्या चार टरेटमध्ये. चारही टरेट पुढे का? दारूगोळ्याच्या कोठ्या एकाच जागी आल्या की त्यांच्याभोवतीचं चिलखत कमी लांबीत भागतं. आणि तोफांच्या धक्क्याने मागची तरंगती विमानं मोडत नाहीत. मागच्या डेकवर रूळ होते, त्यावरून विमानं ढकलत नेऊन दोन कॅटापुल्टवरून, म्हणजे विमान झटक्यात फेकणाऱ्या यंत्रांवरून, हवेत सोडायची. परतलेलं विमान पाण्यावर उतरायचं, मग क्रेनने उचलून घ्यायचं. हँगर नव्हता, विमानं उघड्यावरच. थोडक्यात, ही विमानवाहू ताफ्याचे डोळे म्हणून घडवलेली क्रूझर होती.

"आणि वेल्डिंग?" मामाने विचारलं. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. तोनेच्या आधीच्या, मोगामी वर्गाच्या क्रूझरमध्ये वजन वाचवायला वेल्डिंगचा भरपूर वापर केला होता. चाचण्यांमध्येच मोगामीच्या सांगाड्यात ताण आला, टरेट फिरेनात. सप्टेंबर १९३५ मध्ये जपानी ताफा तुफानात सापडला, मोठमोठ्या नौकांचे सांधे उसवले, दोन विनाशिकांचे तर पुढचे भाग तुटून गेले. तोने तेव्हा अजून बांधणीच्या उतारावर (स्लिपवेवर) होती, म्हणून तिच्या बांधणीत वेळीच बदल करता आले. मामा म्हणाला, "वेल्डिंग वाईट नसतं. पत्रा कुठला, रॉड कुठला, आणि कुठला सांधा आधी मारायचा, हे कळायला वेळ लागतो. त्यांनी घाई केली." माझ्या पुस्तकांत यावर पानंच्या पानं आहेत. त्याने ते तीन वाक्यांत सांगून टाकलं.

दुपारी उराकामीला अणुबॉम्ब संग्रहालयात गेलो. त्याबद्दल इथे लिहीत नाही, ते वेगळ्याने लिहायला हवं. एवढंच सांगतो की विमानातून सोडायचे टॉर्पेडो बनवणारा मित्सुबिशीचा कारखाना त्याच खोऱ्यात होता, आणि कारखान्याभोवती घरं, शाळा, चर्च होती.

रात्री एका छोट्या खानावळीत चांपोन खाल्लं. जाड नूडल्स, कोबी, कोळंबी, माकूळ, डुकराचं मांस, सगळं एका वाडग्यात, दुधाळ रश्श्यात. मालकीणबाईंनी मामाचं वय विचारलं, त्याचं काम विचारलं, आणि 'झोसेन', म्हणजे जहाजबांधणी, हे उत्तर फोनच्या भाषांतरातून कळताच आतून आपल्या नवऱ्याला बोलावून आणलं. तेही गोदीतूनच निवृत्त झालेले. दोघांनी एकमेकांना हातांवरचे जुने भाजल्याचे डाग दाखवले. मला मध्ये बोलायची गरजच पडली नाही.

शाकाहारींसाठी : चांपोन विसरा. भाजीच्या रश्श्यातसुद्धा माशाचा दाशी, म्हणजे अर्काचं पाणी, बहुधा असतोच. सोबत थालीपिठाची भाजणी किंवा मेतकूट ठेवा, आणि दुकानातून भाताचे डबे घ्या. कारखाना पाण्यातून बघायचा असेल तर बंदरफेरीची बोट घ्या, क्रेन अगदी जवळून दिसते.

दिवस दुसरा : कुरे

सकाळी शिंकान्सेनने हिरोशिमा, तिथून लोकलने कुरे. मध्ये गाड्या बदलाव्या लागतात, पण सगळं वेळेवर. कुरे लाइनवर उजव्या हाताला बसा, गाडी समुद्राला चिकटून जाते.

कुरे हे जुन्या शाही नौदलाचं मोठं तळ-शहर. आजही इथे नौदल आहे, आणि शहराला त्याची सवय आहे. स्टेशनपासून चालत गेलं की यामातो संग्रहालय. आत यामातोची एक-दशांश प्रतिकृती, २६.३ मीटर लांब. बाहेर 'मुत्सू' या युद्धनौकेची समुद्रातून काढलेली तोफ. शेजारीच 'अकिशियो' ही खरीखुरी पाणबुडी जमिनीवर ठेवली आहे, तिच्या पोटात फुकट जाता येतं. दोन्ही ठिकाणी साधारणपणे मंगळवारी सुट्टी असते, तो दिवस टाळा.

संग्रहालयात स्वयंसेवक मार्गदर्शक असतात. आम्हाला भेटले ते सत्तरीचे, ताठ, इंग्रजी मोजकं पण नेमकं. मी 'तोने' म्हटल्याबरोबर त्यांनी भुवया उंचावल्या आणि विचारलं, "मिडवे?" तोनेचं नाव बहुतेकांना तिथूनच माहीत असतं. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या त्या लढाईत, ४ जून १९४२च्या पहाटे, टेहळणीची विमानं साडेचारला निघायची होती. तोनेचं चौथ्या क्रमांकाचं विमान सुमारे अर्धा तास उशिरा, पाचच्या सुमारास उडालं. अमेरिकी ताफा त्यालाच दिसला, पण जपानी ताफ्याचा सेनापती नागुमो याला पहिला संदेश मिळाला तोवर वेळ हातातून चालली होती. त्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका गेल्या. नंतरच्या कित्येक वर्णनांत या अर्ध्या तासावर सगळं खापर फोडलं गेलं.

मार्गदर्शकांनी माझ्या माहितीपत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीने टेहळणीच्या रेघा काढल्या. आपल्याला हे पटत नाही, असं ते म्हणाले. मलाही पटत नाही. चिकुमाचं एक विमान ज्या पट्ट्यातून गेलं तिथे त्याला अमेरिकी ताफा आधीच दिसायला हवा होता, पण ते ढगांवरून उडत गेलं. आणि तोनेचं विमान ठरल्या वाटेने, ठरल्या वेळी गेलं असतं, तर त्याला शत्रू त्या वेळी दिसलाच असता असं नाही. अपुरी विमानं, विरळ टेहळणी आणि शत्रू जवळपास नाही हा पक्का समज, ही खरी कारणं. एका वैमानिकाच्या माथी एवढा मोठा पराभव मारणं सोयीचं होतं. आम्ही यावर तिथे उभ्याउभ्या बराच वेळ बोललो. जाताना त्यांनी ती पेन्सिलीची रेखाटनं मला परत दिली आणि खाली तारीख घातली.

जेवणात नौदलाची करी. इथल्या उपाहारगृहांत प्रत्येक जण एकेका नौकेची करी त्या नौकेच्या पाककृतीप्रमाणे करतो. जपानी नौदलात अजूनही शुक्रवारी करी असते. गोडसर, दाट, वर तळलेला कटलेट. मामाला ती फिकी वाटली, पण वाटी पुसून खाल्ली. बहुतेक ठिकाणी बीफ असतं, नको असेल तर आधी विचारा.

दुपारी पाऊस थांबला. बसने नागासाको उद्यानात गेलो, म्हणजे जुन्या नौदल दफनभूमीत. चढावर ओळीने स्मारकशिळा आहेत, नौकांच्या नावाने. यामातोची मोठी, बाकीच्यांच्या कुठे उंच, कुठे गुडघ्याएवढ्या. एक झाडणी घेतलेली बाई पानं गोळा करत होती. एका बाजूला एका इंग्रज नाविकाची कबर आहे, १९०७ सालची, आणि तीही इतरांइतकीच स्वच्छ ठेवलेली. युद्धाच्या आधीची, दोन्ही नौदलं मित्र असतानाची.

दिवस तिसरा : एताजिमा

या दिवसासाठी सगळा प्रवास होता. आकाश धुतल्यासारखं निळं. कुरे बंदरातून एताजिमा बेटावरच्या कोयोला फेरीबोट वीसेक मिनिटांत पोचते. वाटेत पाण्यावर कालवांचे तराफेच तराफे. देशात सर्वाधिक कालवं हिरोशिमा परगण्यात होतात. बांबूच्या तराफ्यांखाली तारांना लटकवून ती वाढवतात. मालवणला खडकावर कोयत्याने कालवं फोडणाऱ्या बायका बघत मोठा झालेला मामा रेलिंगवर वाकून बघत राहिला, "ही तर शेतीच आहे रे."

एताजिमाला १८८८ साली शाही नौदल अकादमी तोक्योहून हलवली. आज तिथे सध्याच्या नौदलाची प्रशिक्षण शाळा आहे. ठरलेल्या वेळांना मार्गदर्शकासोबत फेरी असते, आमच्या फेरीत सगळी माहिती जपानीतच होती. १८९३ची लाल विटांची इमारत अजून विटेलाही चीर नसल्यासारखी उभी आहे. शैक्षणिक संदर्भ भवनात टोपी काढून, फोटो न काढता आत जायचं. आत्मघाती हल्ल्यांना निघालेल्या मुलांची शेवटची पत्रं तिथे आहेत. आमच्या गटातली शाळकरी मुलंही एकदम गप्प झाली.

तिथून बेटाच्या पलीकडच्या बाजूला, नाकामाचीला. महत्त्वाची सूचना : बेटावर बस फार कमी. वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, नाहीतर कोयोलाच टॅक्सी ठरवा. छोट्या संग्रहालयाच्या वेळाही नगरपालिकेकडे आधी विचारून घ्या.

तोनेचं संग्रहालय म्हणजे किनाऱ्याजवळची एक साधी बैठी इमारत. आत तिची प्रतिकृती, फोटो, नौकेशी नातं असलेल्या वस्तू. बाहेर स्मारकशिळा, आणि समोर तीच खाडी, जिच्या दुसऱ्या बाजूला अकादमी आहे. १९४५ साली तोने अकादमीच्या विद्यार्थ्यांची प्रशिक्षण नौका झाली होती. इंधन संपत आलेलं, बाहेर जायची सोय नाही, म्हणून ती या उथळ पाण्यात नांगरून, वर जाळी आणि झाडांच्या फांद्या टाकून लपवली होती. २४ जुलैला अमेरिकी विमानवाहू नौकांची विमानं आली. बाँबनी ती तळाशी बसली, डेकचा भाग पाण्यावरच राहिला. २८ जुलैला पुन्हा हल्ला झाला. त्याच दिवशी जवळच 'ओयोदो' ही क्रूझर कलंडली. युद्धानंतर तोनेला वर काढून कुरेला नेलं आणि भंगारात तोडलं.

मामा काठावर उकिडवा बसला. "किती खोल असेल?" म्हणाला. एवढी, की सुमारे दोनशे मीटर लांबीची नौका बुडूनही पूर्ण बुडाली नाही.

तिथे एक आजोबा भेटले, सायकल टेकवून शिळेपाशी ठेवलेली फुलं बदलत होते. फोनवरच्या भाषांतराने बोललो. ते युद्धानंतर जन्मलेले. त्यांची आई तेव्हा मुलगी होती, डोंगरावरून तिने हल्ला पाहिला होता. म्हणाले, आई त्या उन्हाळ्याबद्दल एरवी बोलत नसे, पण दर वर्षी जुलैत इथे येऊन पाणी घालून जात असे. त्यांनी विचारलं, भारतातून इथे कशासाठी?

मी 'बेहार'चं नाव घेतलं. सांगावं की नाही, हे मी वाटेत ठरवलं नव्हतं. ९ मार्च १९४४. हिंदी महासागरात, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, तोनेने 'बेहार' हे ब्रिटिश मालवाहू जहाज गाठलं आणि तोफांनी बुडवलं. ते ऑस्ट्रेलियाहून मुंबईला निघालं होतं. त्यावर ब्रिटिशांबरोबर भारतीय खलाशीही होते. त्या काळात ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतची कितीतरी माणसं काम करत, हे आपल्याकडच्या किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. शंभरहून जास्त जण वाचले, त्यांना तोनेवर घेतलं गेलं. बाताव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, त्यातल्या काहींना उतरवलं. उरलेल्यांना घेऊन तोने पुन्हा समुद्रात गेली आणि रात्रीच्या अंधारात साठहून अधिक निःशस्त्र कैद्यांना तिच्या डेकवर मारून टाकण्यात आलं. हुकूम रिअर ॲडमिरल साकोंजू नाओमासा यांचा. तोनेचे कप्तान मायुझुमी हारुओ यांनी कैद्यांना वाचवण्यासाठी विनंती केली होती, ती फेटाळल्यावर मात्र त्यांनी हुकूम पाळला. हाँगकाँगच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयात १९४७ साली खटला चालला. साकोंजूंना फाशी झाली, मायुझुमींना सात वर्षांची शिक्षा.

आजोबांनी फोनवरचं भाषांतर दोनदा वाचलं. मग मला थांबवून शिळेपुढे वाकले, आणि माझ्याकडे वळून पुन्हा वाकले. मला अवघडल्यासारखं झालं. ते कुणाची माफी मागण्याइतके त्या वेळी जगातही नव्हते. मामाने त्यांचा हात धरला आणि मराठीतच म्हणाला, "तुम्ही नाही हो, तुम्ही नाही." भाषांतर लागलं नाही.

मला ही नौका आवडते हे खरं आहे. तिची आखणी डोळ्यांत भरते, ती उभी करणाऱ्या हातांबद्दल मला आदर आहे, आणि इथे उथळ पाण्यात मेलेल्या पोरांबद्दल वाईट वाटतं. पण तोनेचा विषय काढताना मिडवेचा अर्धा तास सगळ्यांना आठवतो, बेहारची रात्र फार थोड्यांना. मिडवेचा दोष तोनेवर नाही. बेहारचा आहे. तिच्याबद्दल लिहायचं तर ही दोन्ही वाक्यं त्याच क्रमाने लिहायला हवीत, असं मला त्या काठावर पक्कं वाटलं.

मी मारल्या गेलेल्यांसाठीही दोन उदबत्त्या लावल्या. आजोबांनी काडी दिली.

मुक्काम बेटावरच. रात्री घरगुती सरायमध्ये कालवं तीन प्रकारांत आली : शेगडीवर शिंपल्यासकट भाजलेली, पिठात बुडवून तळलेली आणि भातात शिजवलेली. बेटावरचं लिंबू पिळून. मामाने भाजलेल्यांवर मालवणी मसाला भुरभुरला, जो त्याने बॅगेत कुठून तरी काढला. यजमानबाईंनी चव घेतली आणि पुडीच ठेवून घेतली. बाहेर दहा अंशांच्या आत थंडी, आत गुडघ्यांवर रजई.

दिवस चौथा : उजिना

सकाळी नाकामाचीहून उजिनाला, म्हणजे हिरोशिमाच्या बंदराला, वेगवान बोट. शाळेची मुलं, कार्यालयात जाणारी माणसं, आणि आम्ही.

बोटीत मामाने विचारलं, "हिंदी महासागरात ती पहिल्यांदा तेव्हाच आली होती का?" नाही. एप्रिल १९४२ मध्ये नागुमोच्या ताफ्याबरोबर ती श्रीलंकेपर्यंत आली होती. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला. त्याच दिवशी तोनेच्या विमानाला 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल' या ब्रिटिश जड क्रूझर सापडल्या. मग ५३ बाँबफेकी विमानांनी वीसेक मिनिटांत दोन्ही बुडवल्या, ४२४ माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, जपानच्या दुसऱ्या ताफ्याने बंगालच्या उपसागरात विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बाँब टाकले. त्या ताफ्यात 'चोकाई' या जड क्रूझरबरोबर मोगामी वर्गाच्या चारही क्रूझर होत्या. मामाला विशाखापट्टणमचं नवल वाटलं. तिथल्या गोदीत तो एकदा कामाला गेला होता, पण हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

उजिनाहून ट्रामने हिरोशिमा शहरात. जेवायला ओकोनोमियाकी, हिरोशिमा पद्धतीचं, म्हणजे नूडल्सचा थर घातलेलं. मांस आणि अंडं न घालता करून मिळतं, पण सॉस आणि वरच्या माशाच्या चुऱ्याबद्दल बजावून सांगा.

ज्यांना हाच माग पुढे न्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडं. कुरेत वेळ उरला तर केइगोया भागात 'आओबा' या जड क्रूझरच्या शेवटाची खूण सांगणारी शिळा आहे, तीही तिथेच उथळ पाण्यात बसली होती. 'चिकुमा'साठी जाण्यासारखी जागा नाही. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी समारच्या लढाईत ती गेली, तिच्यावरच्यांना उचललेली 'नोवाकी' विनाशिकाही बुडाली, आणि जवळपास कुणीच परतलं नाही. 'ताकाओ' आणि 'म्योको' युद्ध संपलं तेव्हा सिंगापुरात होत्या, ब्रिटिशांनी १९४६ मध्ये त्यांना मलाक्काच्या सामुद्रधुनीत नेऊन बुडवलं. म्योकोचीच बहीण 'हागुरो', नागासाकीत त्याच मित्सुबिशीने बांधलेली, १६ मे १९४५च्या पहाटे पेनांगजवळ पाच ब्रिटिश विनाशिकांनी टॉर्पेडोंनी बुडवली. मामा म्हणतो, पुढच्या वर्षी पेनांग.